नियंत्रण उठते, विश्वास बसत नाही

धान्यावरील नियंत्रण उठले की लोक आनंदाने नाचतील, अशी आम्हा व्यापाऱ्यांची जुनी समजूत आहे. माझा अनुभव निराळा असल्यामुळे तो आपल्या अंकातून बंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

ऑगस्ट १९७८ मध्ये केंद्र सरकारने साखरेवरील नियंत्रण संपूर्ण उठविले. मी नुकताच मॅट्रिक होऊन म्हापशास वडिलांच्या पेढीवर बसू लागलो होतो. शुक्रवारच्या बाजारास पेडण्याहून एक वृद्ध दुकानदार येत. एरवी एक पोते नेणारे ते गृहस्थ त्या दिवशी तीन मागू लागले. ‘‘आज मोकळीक दिली, उद्या पुन्हा कार्ड मागतील,’’ असे त्यांचे म्हणणे. पुढे साखरेचा भाव चढण्याऐवजी उतरला. जादा भरलेली पोती त्यांच्या अंगावर पडली आणि आम्हांस हसू आले. परंतु डिसेंबर १९७९ मध्ये नियंत्रण खरोखरच परत आले, तेव्हा हसण्यासारखे काही उरले नाही. घरोघरी पेटीत जपून ठेवलेली कार्डे बाहेर निघाली.

हा संशय निराधार नव्हे. गांधीजींच्या आग्रहाला मान देऊन डिसेंबर १९४७ मध्ये भारत सरकारने धान्यावरील नियंत्रणे सैल केली. गोवा तेव्हा पोर्तुगीज अंमलाखाली असल्याने तो निर्णय येथे लागू नव्हता. पण सरहद्दीपलीकडे भाव भडकले आणि १९४८ साल सरण्यापूर्वी नियंत्रणे परत आली. सरकारजवळ पुरेसा साठा नव्हता, हे खरे. पुष्कळ व्यापाऱ्यांनी माल दडविला, हेही तितकेच खरे. आणि ते आपल्याच अंकात छापून यावे.

योगायोग असा की, त्याच डिसेंबरात सोव्हिएत रशियानेही रेशनिंग बंद केले. सोबत दहा जुन्या रुबलांस एक नवा, अशी नोटांची अदलाबदल झाली. कुणकुण लागताच लोकांनी हाती लागेल ती वस्तू घेऊन ठेवली. कार्डे गेली, रांगा राहिल्या. तेथे तर खाजगी पेढ्याच नव्हत्या! म्हणजे लोक केवळ शेटजीवर रुष्ट असतात असे नाही. त्यांना रिकाम्या फळीचे भय असते.

उलट १९५४ च्या जुलैत रफी अहमद किडवाई यांनी तांदळावरील नियंत्रण उठविले, तेव्हा आदल्या हंगामाचे पीक उत्तम होते. माल डोळ्यांसमोर दिसत होता, म्हणून घबराट झाली नाही.

जून २०२३ मध्ये गव्हाच्या घाऊक साठ्यावर ३,००० टनांची मर्यादा आली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी कपाळाला आठ्या घातल्या. मीही घातल्या. तथापि मर्यादा उठविण्याची मागणी करताना आपला साठा आपण होऊन लोकांस दाखविण्याची तयारी हवी. प्रत्येक घाऊक पेढीने शिल्लक पोती व भाव दारावरील फळ्यावर लिहावे, अशी माझी सूचना आहे. माझ्या वखारीवर तसा फळा लागला आहे. शेजारच्या पेढीचा गुमास्ता रोज सकाळी तो वाचून जातो, वाचो बापडा.