मूल बालगृहात, आई-बाप दाराबाहेर. बालकल्याण समितीसमोर पालकांचे हक्क काय?

नॉर्वेमध्ये २०११ साली एका भारतीय दाम्पत्याची दोन मुलं तिथल्या बालकल्याण यंत्रणेनं ताब्यात घेतली होती. त्यावर बेतलेला ‘मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे’ हा सिनेमा २०२३ मध्ये आला, तेव्हा ‘आईकडून मूल असं कसं काढून घेतात?’ असा संताप आपल्याकडे व्यक्त झाला. पण मुलाला पालकांपासून दूर ठेवण्याचा अधिकार असलेली यंत्रणा आपल्याकडेही आहे. तिचं नाव बालकल्याण समिती. तिच्यापुढे उभे राहणारे पालक अनेकदा नाक्यावरचे मजूर, ऊसतोड कामगार किंवा फुटपाथवर राहणारी कुटुंबं असतात. त्यांच्यावर सिनेमा निघत नाही, एवढाच फरक.

समिती म्हणजे नेमकं काय?

बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रत्येक जिल्ह्यात किमान एक समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य. त्यांना प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याइतके अधिकार असतात. घरातून पळालेलं, हरवलेलं, भीक मागताना किंवा काम करताना सापडलेलं, घरात मारहाण वा अत्याचार सोसणारं मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरतं. पोलीस किंवा १०९८ हेल्पलाइनमार्फत असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला समितीसमोर हजर करावं लागतं.

त्यानंतर काय होतं?

मुलाच्या घरची परिस्थिती तपासून सामाजिक तपासणी अहवाल तयार होतो. त्यासाठी १५ दिवसांची मुदत आहे. मूल पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश व्हावा, असं कायदा सांगतो. कुटुंब ही मुलाची पहिली जागा आणि संस्था हा शेवटचा पर्याय, हे तत्त्वही याच कायद्यात लिहिलेलं आहे.

मग पालक अडकतात कुठे?

पहिली अडचण कागदांची. मूल आपलंच आहे हे दाखवायला जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड लागतं. दर हंगामाला गाव सोडणाऱ्या कुटुंबाकडे ते हाताशी नसतं. समितीनं खात्री करणं चुकीचं नाही. मुलांची तस्करी करणारेही ‘आम्ही नातेवाईक’ म्हणूनच येतात. मात्र कागद नसतील तर दुसरा पुरावा कोणता चालेल, हे सांगणारं कोणीतरी तिथं हवं.

दुसरी अडचण तारखांची. समितीनं महिन्यात किमान २० दिवस बसावं, असा नियम आहे. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते. नव्या नेमणुका रखडल्या की शेजारच्या जिल्ह्यातल्या समितीकडे जादा कारभार जातो आणि पालकांचा प्रवास वाढतो. रोजंदारीवरच्या माणसासाठी एक तारीख म्हणजे बुडालेली मजुरी आणि वर एसटीचं भाडं. दोन तारखा चुकल्या तर ‘पालकांना रस नाही’ असा अर्थ काढला जाण्याचा धोका असतो.

तिसरी अडचण सगळ्यात मोठी: माहिती. मूल पोलिसांमार्फत आलं, समितीचं कामकाज बालगृहाच्या आवारात, आदेश कायद्याच्या भाषेत. अशा वेळी आपण आरोपी आहोत की अर्जदार, हेच आई-बापाला कळत नाही.

गरिबी हा गुन्हा आहे का?

नाही. केवळ गरिबीमुळे मुलाला कुटुंबापासून तोडू नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलं आहे. पैशांअभावी मूल संस्थेत जाऊ नये म्हणून आपल्याकडे योजनाही आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये पात्र मुलासाठी महिन्याला ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे, तर राज्याच्या सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात त्यासाठी विचारणा करता येते.

पालक काय करू शकतात?

- आदेशाची प्रत आणि पुढची तारीख लेखी मागा.
- आदेश मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयात अपील करता येतं. प्रतिपालकत्व आणि प्रायोजकत्वाच्या निर्णयांवरचं अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं.
- समितीच्या कामकाजाबद्दल तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करा. २०२१ च्या दुरुस्तीनुसार दोन्ही बाजू ऐकून त्यांनी आदेश द्यायचा असतो.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

आमचं म्हणणं

समित्यांचं काम अवघड आहे. घाईनं परत पाठवलेलं मूल पुन्हा त्याच मारहाणीत जाऊ शकतं. त्यामुळे ‘आई-बाप आले, मूल देऊन टाका’ अशी मागणी कोणी करू नये. पण चौकशी काटेकोर असणं वेगळं आणि पालकांना अंधारात ठेवणं वेगळं.

आज रेल्वेचं तिकीट काढलं तरी पीएनआर टाकून ते कन्फर्म झालं का, हे फोनवर दिसतं. मुलाच्या प्रकरणात आई-बापाच्या हाती निदान एक कागद तरी असायला हवा. तोही सोप्या मराठीत, आणि पालकांची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेत: मूल कुठे आहे, का ठेवलं आहे, पुढची तारीख कोणती, काय आणायचं, अपील कुठे करायचं. वाचता न येणाऱ्यांना तो वाचून दाखवला जावा. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही नाही. महिला व बालविकास विभागानं एक परिपत्रक काढलं तरी हे काम होईल. चार महिन्यांची मुदत पाळली जाते की नाही, हेही मग पालकांना स्वतः विचारता येईल.