‘ॲव्हरेज’ विचारण्याआधी

केंद्र सरकारने 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला. 80 हजारांची गाडी त्यामुळे सुमारे सहा हजारांनी स्वस्त झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात दुचाकी ही चैन नाही. डेअरीचे दूध, एमआयडीसीतली पाळी, मुलांची शिकवणी असे सगळे तिच्यावरच चालते. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’

प्रश्न रास्त आहे. रोज 40 किलोमीटर, वर्षाला 300 दिवस गाडी चालवणाऱ्याला लिटरला 45 ऐवजी 60 किलोमीटर मिळाले, तर वर्षात सुमारे 67 लिटर पेट्रोल वाचते. 105 रुपये दराने हे सात हजार रुपये झाले. मात्र डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या अतिदक्षता विभागातील उपचारांत एवढे पैसे एका दिवसातही संपू शकतात.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी जवळपास 75 हजार दुचाकीवरचे होते. हेल्मेट नसलेल्या 50,029 मृतांपैकी 14,337 जण मागे बसलेले होते. चांगल्या हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका 69 टक्क्यांनी कमी होतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून दिसते. म्हणजे वाचलेल्या सहा हजारांतून आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेट घेणे ही पहिली खरेदी. पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेत डोक्यावर टिकत नाही.

गाडी निवडताना रस्ता आधी डोळ्यांसमोर आणावा. खड्ड्यांच्या आणि वाळू-खडीच्या रस्त्यावर मोटारसायकलचे मोठे चाक स्कूटरच्या लहान चाकापेक्षा स्थिर राहते. शहरातल्या शहरात, थांबत-थांबत जाणाऱ्याला स्कूटर सोयीची. 125 सीसीपेक्षा मोठ्या गाडीला एबीएस बंधनकारक आहे. जोरात ब्रेक दाबला तरी त्यामुळे चाक जाम होत नाही. लहान गाड्यांत किमान सीबीएस असते, म्हणजे एका ब्रेकने दोन्ही चाके आवरली जातात. साडी गार्ड आणि मागच्याला धरायची कडी काढून टाकू नये. चाकात अडकलेला पदर किंवा ओढणी गळ्याला फास लावू शकते.

हेडलाइटही पाहून घ्यावा. ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात 30 मीटरवर दिसली, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या हातात दोन सेकंदही नसतात. वेग 40 वरून 60 वर गेला की धडकेची ऊर्जा सव्वादोन पट होते. हवेचा विरोधही त्याच प्रमाणात वाढतो आणि पेट्रोल जास्त जळते. टायरमध्ये हवा कमी असली किंवा दोन्ही बाजूंना दुधाचे जड कॅन लटकवले, तर इंधन वाढते आणि ब्रेकही लांब लागतो. गाडी सावकाश चालवणे, टायरमधली हवा तपासणे आणि ओझे बेताचे ठेवणे यांनी पेट्रोल आणि जीव दोन्ही वाचतात.

मुलांच्या बाबतीत मात्र कोणतीच तडजोड नको. 16 व्या वर्षी मिळतो तो परवाना 50 सीसीपर्यंतच्या, बिनगिअरच्या गाडीचा. नगरच्या कारखान्यात बनणाऱ्या लूनाच्या काळात तो उपयोगाचा होता. आजच्या 110 सीसी स्कूटरला तो चालत नाही. अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो.

चौघांचे कुटुंब एका दुचाकीवर बसवणे कोणत्याही ॲव्हरेजमध्ये बसत नाही. चारचाकी परवडत असेल तर भारत एनकॅपचे तारे पाहावेत, आणि मागच्यांनीही सीटबेल्ट लावावा. परवडत नसेल तर लांबच्या वाटेला एसटी आहे. तिच्यात महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि माणशी इंधनही दुचाकीपेक्षा जास्त लागत नाही.