पाऊस बदलला, शेतीचे शिक्षणही बदलावे

वाळूज म्हटले की औद्योगिक वसाहत डोळ्यांपुढे येते. परंतु गंगापूर तालुक्यातील हा परिसर आजही कापूस आणि मक्याचा आहे. 2016 साली मराठवाडा तहानेने व्याकूळ झाला. सप्टेंबर 2025 मध्ये अतिवृष्टीने उभी पिके नेली. केवळ पूर्वानुभवावर विसंबणे आता शेतकऱ्यास परवडणारे नाही.

जागतिक बँकेच्या साहाय्याने 2018 साली सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने बांधावरच शेतीशाळा भरविल्या. रुंद वरंबा-सरी पद्धतीने पेरल्यास कमी पावसात ओल टिकते व अतिपावसात पाण्याचा निचरा होतो, हे शेतकरी तेथे प्रत्यक्ष पाहतो.

येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकाराने 1993 साली उभ्या राहिलेल्या वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्टने संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत हाच मार्ग अनुसरला. आधी लोकशिक्षण व श्रमदान, मग पाणलोटाची कामे. वनजमिनीवरील चराईबंदी ग्रामस्थांनीच पाळली, म्हणून डोंगर हिरवा झाला.

एक उणीव मात्र उरते. शेततळे व ठिबकचे अनुदान सातबारा पाहून मिळते. बटाईने कसणारा आणि शेतात राबणारी स्त्री यांच्या नावे बहुधा तो नसतो. निदान शेतीशाळेचे दार तरी त्यांना पहिल्याप्रथम उघडावे. कारण बदललेल्या पावसाचा पहिला घाव त्यांच्याच चुलीवर पडतो.