आधी तापमान सांभाळा
या आठवड्यात एका स्नेह्याच्या घरी रान्चिलिओ सिल्व्हिया या जुन्या एस्प्रेसो यंत्राला तापमानाचा पीआयडी नियंत्रक बसवताना पाहिला, आणि माझं मत पक्कं झालं: घरच्या एस्प्रेसो यंत्रावर पैसे खर्चायचेच असतील, तर आधी या नियंत्रकावर खर्चावेत. यंत्राचा मूळ थर्मोस्टॅट बॉयलर बराच निवल्यावर हीटर लावतो आणि जास्त तापल्यावर बंद करतो. म्हणून त्याच बियांची कॉफी आज आंबट, तर उद्या कडूजहर. पीआयडी तापमान सतत मोजतो, ते किती वेगाने बदलतंय हेही बघतो आणि हीटरला हवी तेवढीच वीज देतो. पाणी ९३ अंशांच्या आसपास टिकलं की चिकमंगळूरच्या चांगल्या बियांतला गोडवा जिभेला कळतो. तेव्हा नव्या चकचकीत यंत्राच्या मागे लागू नका, आहे त्यालाच सुधारा. फक्त वायरिंग जाणकाराकडूनच करून घ्या. आत २३० व्होल्ट असतात.