पूर्णेवरील पूल व त्यांचा हिशेब

तेल्हाऱ्याहून अकोल्यास कोणत्याही वाटेने निघा, पूर्णा ओलांडल्यावाचून सुटका नाही. सातपुड्यात उगम पावून वऱ्हाडातून पश्चिमेस वाहणारी व पुढे चांगदेवाशी तापीस मिळणारी ही नदी उन्हाळ्यात अगदी गरीब दिसते. परंतु तेल्हारा व अकोट या दोन्ही तालुक्यांचा अकोल्याशी असलेला व्यापार तिच्यावरील मोजक्या पुलांच्या आधारे चालतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्राम येथील इंग्रजी अमदानीतल्या पुलास तडे गेले व वाहतूक बंद करावी लागली, ती ऐन कापूस-सोयाबीनच्या हंगामात. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट रेल्वेगाडी सुरू झाली, त्यामुळे उतारूंची काहीशी सोय झाली खरी. पण कापसाचे गाठोडे काही उतारूंच्या डब्यात चढत नाही!

पूल जुना होता म्हणून तडकला, हे उत्तर सोपे आहे व म्हणूनच आम्हांस ते मान्य नाही. भडोच येथे नर्मदेवर १८८१ साली खुला झालेला लोखंडी पूल २०२१ सालापर्यंत, म्हणजे १४० वर्षे, वाहतुकीच्या उपयोगी पडला. उलट मावळात कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा लोखंडी पादचारी पूल जेमतेम तीस-बत्तीस वर्षांचा असताना १५ जून २०२५ रोजी कोसळून चार माणसे दगावली. तेव्हा प्रश्न वयाचा नसून निगेचा आहे. नर्मदेवरच्यासारखा लोखंडी त्रिकोणांच्या जाळीचा पूल आपले दुखणे लपवीत नाही. त्याचा प्रत्येक दांडा उघडा असतो; गंज चढला, रिवेट सैल झाला, तर शिडी लावून चढणाऱ्यास तो दिसतो. पाण्याखालच्या पायाचे मात्र तसे नाही. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाचा थर फार खोल आहे, खडक सहजी हाती लागत नाही. आणि पुराचे पाणी खांबाभोवतीची माती कोरून नेते, ते वरून जाणाऱ्या वाहनास कळत नाही. महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एस.टी. गाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन तो सुरक्षित ठरला होता, असे सरकारतर्फेच सांगण्यात आले. ही पाहणी कोठून केली? काठावरून की पाण्यात उतरून? त्याच जागी नवा पूल मात्र १६५ दिवसांत उभा राहिला व जून २०१७ मध्ये खुला झाला. जी तडफ प्रेते वाहून गेल्यावर दाखविता येते, ती आधी का दाखविता येऊ नये?

तपासणी होतच नाही, असे आमचे म्हणणे नाही. रेल्वेच्या प्रत्येक पुलास क्रमांक असतो व त्याची नोंदवही असते. सार्वजनिक बांधकाम खातेही पाहणी करते. पण तिचा कागद कचेरीत राहतो आणि ज्यांचा जीव व माल पुलावरून जातो, त्यांस तो बंद झाल्यावरच कळते.

आमची मागणी खर्चाची नाही. पूर्णेवरील प्रत्येक पुलाच्या दोन्ही तोंडांशी मराठीत पाटी लावावी. बांधल्याचे साल, पेलण्याजोगे वजन, शेवटच्या तपासणीची तारीख व पाण्याखालचा पाया पाहिला की नाही, एवढे तीवर लिहावे. पूल बंद करण्याची वेळ आलीच, तर पर्यायी वाट आधी ठरवावी. तेल्हारा व अकोटच्या बाजार समित्यांनी या पाट्यांचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे पावसाळ्यापूर्वी द्यावा व उत्तर लेखी मागावे.