कांद्याला सहा महिने, निर्णयाला एक रात्र

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद करण्याचा आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी तो लागू झाला. नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव थांबले. चांदवडला शेतकऱ्यांनी मुंबई-आग्रा महामार्ग अडवला. त्याआधी दिवाळीच्या सुमारास शहरांमध्ये कांदा किलोला साठ-सत्तर रुपयांच्या घरात गेला होता आणि सरकारने काहीतरी करावे, अशी तिथल्या ग्राहकाची मागणी होती. दोन्ही बाजूंची माणसे खरे बोलत होती. म्हणून या प्रश्नाकडे एका बाजूचा झेंडा हातात घेऊन पाहता येणार नाही. सरकारने कांद्याच्या व्यापारात हात घालावा का, आणि घालायचा असेल तर कसा, हे शांतपणे तोलून पाहायला हवे.

आधी कांदा पिकतो कसा ते पाहू. निफाड, चांदवड, येवला, देवळा, कळवण, सटाणा या पट्ट्यात उन्हाळ कांद्याचे उळे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकले जाते. सात-आठ आठवड्यांनी रोप लावणीला येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लागण होते आणि मार्च-एप्रिलमध्ये काढणी. म्हणजे बी टाकल्यापासून कांदा हातात यायला साधारण सहा महिने. त्यानंतर तो चाळीत पडतो आणि पुढे ऑक्टोबरपर्यंत देश त्याच्यावर जगतो. ऑक्टोबरनंतर येणारा खरिपाचा लाल कांदा आणि त्यामागून येणारा रांगडा फार टिकत नाही, तो निघाला की विकावाच लागतो. देशाच्या एकूण कांद्यात रब्बीचा वाटा निम्म्याहून बराच जास्त आहे. तेव्हा चाळीतला कांदा हीच वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्याची शिदोरी.

सिनेमाची आठवण इथे होते ती उगाच नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२च्या सुमारास, दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. कॅमेरा एका जागी ठेवायचा, रोज काही चौकटी टिपायच्या, आणि अनेक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत दाखवायची. हा तुकडा पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि भारतीय चित्रपटाची वाट मोकळी झाली. फाळके याच जिल्ह्यातले, १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेले. कांद्याचे धोरण ठरवणाऱ्यांना आणि कांदा विकत घेणाऱ्यांनाही अशाच एका चित्रफितीची गरज आहे. आपण फक्त तिची शेवटची चौकट पाहतो, टोपलीतला कांदा आणि त्यावरचा भाव. उळे जळून गेले म्हणून दुबार टाकणारा, लागणीला मजूर मिळेना म्हणून घरच्या सगळ्यांना वावरात उतरवणारा, मार्चमधल्या अवकाळी पावसात कांद्याचे ढीग झाकायला धावणारा शेतकरी त्या चौकटीत नसतो.

तरीही सरकारची बाजू आधी मांडू, कारण ती वाटते तितकी दुबळी नाही. देशात २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला. २०२३-२४ मध्ये तो २४२ लाख टनांच्या आसपास आला. उत्पादन एकाच वर्षात पाचव्या हिश्श्याने घटते, तेव्हा कोणत्याही पक्षाचे सरकार स्वस्थ बसू शकत नाही. कांदा महागला म्हणून लोक तो खायचे फारसे कमी करत नाहीत आणि त्याची जागा दुसरी भाजी घेत नाही. त्यामुळे आवक थोडी कमी झाली तरी भाव मात्र उडी घेतो. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचे वजन एक टक्काही नव्हते, ०.६४ टक्के होते. पण भाव दुप्पट-तिप्पट होण्याची त्याची क्षमता एवढी की हा लहान हिस्साही महागाईचा आकडा हलवतो. भाकरी, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदा हे ज्याचे दुपारचे जेवण, त्या मजुराला किलोमागे चाळीस रुपये जास्त मोजावे लागतात तेव्हा तो काही चैनीच्या वस्तूची तक्रार करत नसतो. आपल्याकडे चातुर्मास पाळणारी घरेही कांदे नवमीला कांद्याची भजी, कांद्याचे थालीपीठ करून मगच चार महिने त्याचा निरोप घेतात. इतका तो घरातला आहे.

राजकारणालाही कांद्याची भीती जुनी आहे. १९८०च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावाचा मुद्दा प्रचारात वापरला. १९९८मध्ये दिल्लीत कांदा पन्नास रुपयांपुढे गेला आणि सुषमा स्वराज यांच्या नेतृत्वाखालचे सरकार निवडणूक हरले. तेव्हापासून प्रत्येक सत्ताधाऱ्याच्या मनात ग्राहकाचा राग घर करून बसला. उत्पादकाच्या रागाची दखल मात्र उशिरा घेतली गेली. २०२४च्या लोकसभा निवडणुकीत दिंडोरीतून केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. नाशिकची जागाही सत्ताधाऱ्यांच्या हातून गेली. कांद्याचा फटका बसल्याचे सत्ताधारी आघाडीच्या नेत्यांनीच नंतर मान्य केले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेला जिल्ह्यातल्या पंधरापैकी चौदा जागा महायुतीने जिंकल्या. मतदार एका पिकावरून कायमचा निकाल लावत नाही, हेही ध्यानात ठेवायला हवे. कांद्याचा प्रश्न निवडणुकीतून सुटेल, या भरवशावर शेतकऱ्यानेही राहू नये.

आता शेतकऱ्याची बाजू. २०१८ साली निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले, किलोला एक रुपया चाळीस पैसे. ती रक्कम त्याने मनीऑर्डरने पंतप्रधानांकडे पाठवून दिली. २०२३च्या सुरुवातीला भाव पुन्हा कोसळले, तेव्हा शेतकऱ्यांचा मोर्चा नाशिकहून मुंबईकडे निघाला आणि राज्य सरकारला क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर करावे लागले. त्याच वर्षी १९ ऑगस्टला केंद्राने निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आले आणि डिसेंबरात बंदी. फेब्रुवारीत मातीमोल भावाने विकणाऱ्याला वर्षअखेरीस चार पैसे मिळायची वेळ आली आणि दार बंद झाले. शेतकऱ्याचे दुखणे हेच आहे. भाव पडतो तेव्हा तो बाजाराचा नियम असतो. भाव चढतो तेव्हा ती राष्ट्रीय समस्या होते. ही तक्रार न्याय्य आहे आणि आकडे तिच्या बाजूने आहेत. सप्टेंबर २०१९, सप्टेंबर २०२० आणि डिसेंबर २०२३, अशी सव्वाचार वर्षांत तीनदा बंदी आली.

बंदीचे नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही. परदेशी गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळले की परत यायला वेळ लागतो. ऑक्टोबर २०१९मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. थोडी आधी सूचना दिली असती तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. शेजारी देशाच्या पंतप्रधानांची आणि लासलगावच्या शेतकऱ्याची मागणी एकच होती: आधी सांगा.

मग सगळे निर्बंध उठवून कांदा मोकळा सोडावा का? शरद जोशींनी १९८०मध्ये चाकणला पुणे-नाशिक रस्ता अडवला आणि त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याचे आंदोलन पेटवले, तेव्हापासून शेतकरी संघटनेची भूमिका हीच आहे. शेतीमालाला बाजार मोकळा ठेवा, सरकारची भीक नको. त्या विचारातला स्वाभिमान मोलाचा आहे आणि शेतकऱ्याला उत्पादनखर्चाचा हिशेब मांडायला त्यानेच शिकवले. पण पीक खरोखर बुडालेल्या वर्षी पूर्ण मोकळा बाजार गरीब ग्राहकाला ओलीस ठेवतो. शिवाय मोठी तेजी येते तेव्हा लहान शेतकऱ्याच्या चाळीत बहुधा कांदा उरलेला नसतो, घरातल्या लग्नासाठी किंवा सोसायटीच्या कर्जासाठी त्याने तो आधीच विकलेला असतो. तेजीचा सगळा पैसा त्याच्याच खिशात जातो, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

विज्ञानाने यातून वाट काढून द्यावी, अशी आशा अनेकांना आहे. कांदा हा मुळातच विलक्षण जीव आहे. त्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या डीएनएच्या सुमारे पाचपट. तो चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा वायू एका वेगळ्याच विकरामुळे तयार होतो, हे जपानी संशोधकांनी २००२ साली दाखवले आणि त्याबद्दल त्यांना २०१३चे इग नोबेल मिळाले. आपल्या प्रश्नाशी मात्र त्याचा दुसरा गुण जोडलेला आहे. कांदा काढल्यावर मरत नाही, झोपतो. पुढच्या हंगामात डेंगळे काढून फुलायचे म्हणून तो स्वतःसाठी अन्न साठवून बसलेला असतो. झोप संपली की कोंब फुटतो आणि चाळीतल्या मालाचे वजन व मोल दोन्ही जातात.

ही झोप लांबवण्यासाठीच भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. ते २००२ साली तयार झाले. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांची अगदी हलकी मात्रा दिली की कांद्याच्या आतला कोंब वाढेनासा होतो. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही. पण कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचे नाव गाजले ते आंब्यामुळे. २००७मध्ये भारतीय आंबा अनेक वर्षांच्या खंडानंतर अमेरिकेला गेला, तो इथे विकिरण करून. कांदा मात्र त्या दारातून अपेक्षेएवढा गेला नाही. त्याची कारणे विज्ञानात कमी आणि व्यवहारात जास्त आहेत. विकिरण काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत करावे लागते आणि तेव्हा सगळ्यांचाच कांदा एकदम निघालेला असतो. विकिरणाने कोंब थांबतो, सड आणि वजनातली घट थांबत नाही, त्यासाठी शीतगृह लागते. आणि हा सगळा खर्च करून पुढे भाव मिळेल, याची खात्री कोणीच देत नाही. ज्या बाजारात कोणत्याही रात्री बंदी येऊ शकते, तिथे साठवणुकीत पैसा घालायला शहाणा माणूस धजावत नाही. तंत्र हाताशी असून वापरात नाही, याचे एक मोठे कारण धोरणाची ही अनिश्चितता आहे.

नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत होणारी राखीव साठ्याची सरकारी खरेदी हा आणखी एक मार्ग. २०२३मध्ये तिचे उद्दिष्ट तीन लाखांवरून पाच लाख टनांवर नेले गेले. भाव पडलेले असताना घेणे आणि टंचाईत स्वस्त विकणे, ही कल्पना दोन्ही टोकांना आधार देणारी आहे. पण खरेदी बाजार समितीत, उघड लिलावात व्हावी, ही शेतकऱ्यांची मागणी मान्य झाल्याशिवाय तिच्यावर विश्वास बसणार नाही. आणि साठा बाजारात केव्हा, कोणत्या भावाला उतरवणार हे आधी ठरलेले नसेल, तर तोच साठा शेतकऱ्याला आपल्या डोक्यावरची टांगती तलवार वाटतो.

हे सारे तोलल्यावर आमचे मत असे. सरकारने हस्तक्षेप करूच नये, हे म्हणणे टिकत नाही. पण हस्तक्षेपाचे नियम ऑक्टोबरात, उळे पडायच्या आधी, जाहीर झाले पाहिजेत. किरकोळ भाव अमुक पातळीच्या वर गेला तर निर्यातशुल्क अमुक टक्के, त्याहून वर गेला तर अमुक, अशी चढती पायरी ठरवावी आणि संपूर्ण बंदीचे हत्यार खरोखरच्या दुष्काळी वर्षासाठी राखून ठेवावे. झालेले करार पाळू द्यावेत. भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला तर खरेदी आपोआप सुरू व्हावी, म्हणजे नियम दोन्ही बाजूंना सारखा लागेल.

यावर सरकारी आक्षेप असा की आधी सांगितले तर व्यापारी मुदतीत सगळा माल बाहेर पाठवतील. भीती अगदीच निराधार नाही. पण २०२२-२३ सारख्या भरघोस वर्षातही निर्यात सुमारे २५ लाख टन होती, म्हणजे उत्पादनाच्या आठ-नऊ टक्के. बंदरे, जहाजे आणि परदेशी मागणी यांची मर्यादा एका महिन्यात वाढत नाही. पायरीपायरीने वाढणारे शुल्क घाईचा फायदाही कमी करते. रातोरात आदेश काढून जे थोडे वाचते, त्याहून अधिक बाजारातली पत आणि शेतकऱ्याचा भरवसा यांच्या रूपाने जाते.

४ मे २०२४ रोजी बंदी उठली, सप्टेंबरात शुल्क निम्म्यावर आले आणि १ एप्रिल २०२५पासून तेही गेले. आज निर्यात मोकळी असण्याचे श्रेय सरकारला द्यायला हवे. मात्र उद्या टंचाई आली तर काय होईल, हे अजून कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही. ते लिहून घेण्याची वेळ भाव शांत असतानाची असते, कारण तेव्हा ग्राहक आणि शेतकरी एकमेकांसमोर उभे नसतात. नाशिकच्या खासदार-आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून येत्या हंगामाचे उळे पडण्याआधी केंद्राकडून हे नियम लेखी मिळवावेत. आणि शहरातल्या वाचकाने कांदा वीस रुपयांवरून तीस रुपयांवर गेला की लगेच बंदीची मागणी करू नये. ते दहा रुपये बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या कष्टाची उशिरा मिळालेली मजुरी असतात.