मोटार घेण्यापूर्वी ओझे मोजावे

हिवाळा सुरू झाला की शाळाशाळांना विज्ञान प्रदर्शनाचे वेध लागतात. बाभुळगाव तालुक्यातील मुलांना अशा वेळी विषय शोधायला फार दूर जावे लागत नाही. खडकसावंगा गावाजवळ बेंबळा नदीवर मोठे धरण उभे आहे. पावसाळ्यात त्याचे दरवाजे उघडल्याची वार्ता घरोघरी पोहोचते. साहजिकच थर्मोकोलचे डोंगर, निळ्या रंगाचे पाणी आणि कळ दाबताच वर जाणारा दरवाजा अशी प्रतिकृती करावी, असे एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात येते. डोंगर आणि पाणी तर उत्तम साधते. दरवाजा मात्र हलत नाही, किंवा एकदम झटक्याने वर जाऊन आदळतो.

याचे कारण बहुधा मोटारीच्या निवडीत असते. दुकानात जी मिळाली, जी स्वस्त वाटली किंवा मित्राने गाडीला लावली होती, तीच मोटार आणली जाते. ती चुकली तर पैसे वाया जातात, हे नुकसान लहान आहे. परीक्षक समोर उभे असताना दरवाजा अडकला म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलाची अशी समजूत होते की यंत्रांचे काम आपल्याला जमणारे नाही. वास्तविक चूक केवळ मापाची असते, आणि माप काढणे कोणत्याही पालकाला जमण्यासारखे आहे.

प्रथम गिअर मोटार म्हणजे काय, ते पाहू. बॅटरीवर चालणारी साधी छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते, परंतु तिचा दांडा बोटांनी सहज थांबवता येतो. वेग भरपूर, ताकद अल्प. तिच्या पुढे लहान-मोठ्या दंतचक्रांची साखळी जोडली की वेग कमी होतो आणि त्या प्रमाणात पिळण्याची ताकद वाढते. या ताकदीलाच टॉर्क म्हणतात. खेळण्यातील गाड्यांना लागणारी पिवळ्या प्लॅस्टिकची मोटार सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्यातील गिअरचे प्रमाण बहुधा १:४८ असते. आतली मोटार मिनिटाला सुमारे ९,६०० फेरे घेत असेल तर बाहेरचा दांडा २०० फेरे घेतो. ताकद हिशेबाने ४८ पट व्हायला हवी; घर्षणामुळे तीतून काही वजावट होते.

आता धरणाच्या दरवाजाचा हिशेब मांडू. दरवाजाचे वजन ३०० ग्रॅम आहे, तो १२ सेंटिमीटर वर उचलायचा आहे आणि दोरी गुंडाळणाऱ्या रिळाचा व्यास २ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १ सेंटिमीटर आहे, असे समजू. टॉर्क काढण्यासाठी वजनाला त्रिज्येने गुणावे. ०.३ किलोग्रॅम गुणिले १ सेंटिमीटर, म्हणजे ०.३ किलोग्रॅम-सेंटिमीटर. परंतु दरवाजा खाचेत घासतो, त्या घर्षणाचीही तरतूद करावी लागते. त्यासाठी अंदाज बांधत बसण्यापेक्षा शाळेतील ताणकाटा दोरीला अडकवून दरवाजा हळूहळू ओढावा. काट्याने ५०० ग्रॅम दाखवले, तर खरी गरज ०.५ किलोग्रॅम-सेंटिमीटरची आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मोटारीच्या माहितीपत्रकात अनेकदा जो टॉर्क छापलेला असतो, तो मोटार पूर्णपणे अडकून थांबते त्या क्षणाचा असतो. त्या अवस्थेत तिला काही सेकंदांहून अधिक ठेवले तर आतले वेटोळे तापून जळते. कर्ज घेताना संपूर्ण पगार हप्त्यात जाईल असा व्यवहार कोणी करू नये, तसेच हे आहे. छापील आकड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच काम मोटारीकडून घ्यावे. म्हणजे ०.५ ची गरज असेल तर किमान २ किलोग्रॅम-सेंटिमीटर टॉर्कची मोटार हवी.

त्यानंतर वेग. रिळाच्या एका फेऱ्यात सुमारे ६.३ सेंटिमीटर दोरी गुंडाळली जाते. १२ सेंटिमीटरसाठी साधारण दोन फेरे लागतील. दरवाजा चार सेकंदांत वर जावा अशी अपेक्षा असेल तर मिनिटाला ३० फेरे पुरेत. दुकानदार यालाच ३० आरपीएम म्हणतो. २०० आरपीएमची पिवळी मोटार लावली तर हेच अंतर ती सुमारे अर्ध्या सेकंदात कापू पाहील. मग दरवाजा एकतर आदळेल किंवा ओझ्याने मोटारच अडेल. रीळ मोठे घेतले तर दरवाजा लवकर उचलला जातो, पण टॉर्कची गरज त्याच पटीत वाढते, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. वीज बंद केल्यावर दरवाजा जागीच राहायला हवा ना? साध्या दंतचक्रांच्या मोटारीत वजन दांड्याला उलट फिरवू शकते आणि दरवाजा खाली घसरतो. वर्म गिअरच्या मोटारीत एका स्क्रूसारख्या दांड्याने चक्र फिरवलेले असते. गिअरचे प्रमाण मोठे असल्यास तेथे ओझे उलट दिशेने मोटार फिरवू शकत नाही. त्यामुळे उचलण्याच्या कामाला वर्म गिअर आणि धावणाऱ्या गाडीला साधी दंतचक्रे, अशी निवड योग्य ठरते. दरवाजाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला एकेक मर्यादा-स्विच बसवावा, म्हणजे मार्ग संपताच मोटार आपोआप थांबेल.

आता वीजपुरवठा. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिसायला आटोपशीर असली तरी ती मोटारीला लागणारा विद्युतप्रवाह फार वेळ देऊ शकत नाही. त्याऐवजी ६ व्होल्टच्या मोटारीला पेन्सिल सेलचा चार जणांचा संच बरा. अर्डुइनोच्या पिनेला मोटार थेट जोडू नये. ती पीन फार थोडा प्रवाह देते. मध्ये ड्रायव्हर हवा, आणि तो अडकलेल्या मोटारीचा प्रवाह सोसणारा असावा. शाळांतून नेहमी दिसणारा एल-२९८ ड्रायव्हर स्वतःच सुमारे २ व्होल्ट खर्च करतो. ६ व्होल्ट दिले तर मोटारीपर्यंत चारच पोहोचतात आणि ती मंदावते. मग मोटारीलाच दोष दिला जातो.

काही पालक जुन्या सामानातून मोटार काढून देतात. ही काटकसर स्तुत्य आहे. बिघडलेल्या प्रिंटरमधील किंवा खेळण्यातील मोटार जरूर वापरावी. मोटारगाडीच्या वायपरची मोटार वर्म गिअरची आणि दणकट असते, परंतु ती १२ व्होल्टवर काही अँपिअर प्रवाह घेते. प्रतिकृतीला ती जड होते. मायक्रोवेव्हमधील थाळी फिरवणारी मोटार मात्र मुलांच्या हाती देऊ नये. ती प्रत्यावर्ती विजेवर चालते आणि अनेकदा थेट २३० व्होल्टची असते.

बाभुळगावसारख्या गावी मोटार बहुधा यवतमाळ, अमरावती वा नागपूरहून किंवा कुरिअरने मागवावी लागते. चुकीची आली तर बदलून येईपर्यंत प्रदर्शनाचा दिवस उलटून जातो. म्हणून मागणी नोंदवण्यापूर्वी एका कागदावर ओझे, त्रिज्या, टॉर्क, आरपीएम, व्होल्ट, अडकल्यावरचा प्रवाह आणि दांड्याची जाडी हे सात आकडे लिहून काढावेत. दांड्याची जाडी विसरली तर उत्तम मोटारीलाही रीळ बसत नाही.

हा कागद पालकांनी स्वतः भरू नये. ताणकाटा मुलाच्या हाती द्यावा, गुणाकार त्याला करू द्यावा आणि आकडा तपासण्यापुरते जवळ बसावे. प्रदर्शनात हाच कागद प्रतिकृतीशेजारी लावावा. परीक्षकांनी 'हीच मोटार का घेतली?' असे विचारले, तर त्या विद्यार्थ्याकडे स्वतः मोजलेले उत्तर असेल.